नंदूने घातलेलं गाऱ्हाणं

एक नारळ सोलायला माणसाला असा किती वेळ लागतो? काशीराम सकाळी नऊला मोरीच्या उंबऱ्याशी बसला होता, आणि दहा वाजून गेले तरी उठायचं नाव घेत नव्हता. शेंडी राखून बाकीचा काथ्या काढायचा, एवढंच तर काम. पण हात नारळावर आणि डोकं भलतीकडेच, असं चाललं होतं.

"अहो, त्याला काय पॉलिश करताय?" वड्यांचं पीठ मळता मळता वनमाला ओरडली. नवऱ्याशी बोलायचं तर त्याच्याकडे तोंड करून, मोठ्याने बोलायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"मग? नंदूसाहेब येणार. त्यांना खडबडीत नारळ कसा चालेल?"

वनमालाने पुढे काही विचारलं नाही. 'नंदूसाहेब' हा शब्द आला की आजचा दिवस कसा जाणार, हे तिला कळायचं. शिवाय खरं सांगायचं तर तो शब्द ऐकून तिलाही थोडं बरं वाटायचं. धाकट्या जावेचं मुलुंडचं घर, तिची म्युनिसिपालिटीतली टायपिस्टची नोकरी, तिच्या इस्त्रीच्या साड्या. सगळ्याचा हिशेब नवरा-बायको एकाच शब्दात चुकता करायचे.

नंदू आज घाटातून येणार होता. उद्या सोमवारी रेल्वेच्या तिसऱ्या लाइनच्या बोगद्याचा शेवटचा सुरुंग उडायचा होता. चार वर्षं डोंगर दोन्ही तोंडांनी पोखरत आणला होता आणि आता मध्ये उरला होता जेमतेम पाच हात खडक. सुरुंग उडाला, धूर ओसरला की आत पहिलं पाऊल नंदूचं. हातात पहार घेऊन छत ठोकत जायचं. खणखणीत वाजलं तर कातळ शाबूत. भद्द वाजलं तर तो सुटलेला, कधीही डोक्यात येईल. मागच्या ऐंशी माणसांनी आत यायचं ते नंदूच्या कानाच्या भरवशावर. साइटवर त्याला फोरमन कोणी म्हणत नसे. 'कानवाले परब' म्हणत.

आणि इथेच काशीरामच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण तो कान मुळात काशीरामचा होता.

बाप गुणाजी परब, पोरांचे आप्पा, गोऱ्या साहेबाच्या राज्यात बोगद्यांवर राबलेला माणूस. काशीराम आठ वर्षांचा असताना त्याने त्याला कातळ ऐकायला शिकवला. 'ठोक. काय बोलता तो? ऐक नीट.' पोराचा कान इतका तयार झाला की डोळे बांधून सांगायचा, कुठे पोकळ आहे ते. मग गुणाजीच्या छातीत दगडाची धूळ बसली आणि वर्षभर खोकून तो गेला. आई सोनूबाईने थोरल्याला दंडाला धरून देवापुढे उभं केलं. 'डोंगराच्या पोटात पाय ठेवचंय नाय. घे शपथ.' घेतली. कुर्ल्याच्या मिलमध्ये साचेखात्यात, कापडाच्या मागांवर लागला. पण बापाची विद्या वाया जाऊ नये म्हणून दर रविवारी बारा वर्षांनी लहान असलेल्या नंदूला भटवाडीमागच्या खाणीत न्यायचा आणि हातोडीने दगड वाजवून दाखवायचा. पुढे घाटात काम निघालं आणि नंदूने आईला विचारलं, जाऊ का? आई म्हणाली, जा बाबा, सांभाळून ऱ्हव. शपथ नाही, देव नाही, काही नाही!

अठ्ठावीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात उभं राहून काशीरामचा डावा कान ठार गेला होता, उजव्यात थोडी धुगधुगी होती. बापाचा डोंगर धाकट्याला मिळाला, बापाचा कान धाकट्याला मिळाला. थोरल्याकडे राहिली एकच गोष्ट, ती म्हणजे गाऱ्हाणं.

घरात काही शुभ असो की संकट असो, परबांच्या घरातला कर्ता पुरुष नारळ हातात घेऊन उभा राहतो, गावच्या देवांना हाक मारतो, गेलेल्या पूर्वजांची नावं घेतो आणि मनातलं सगळं मोठ्याने सांगतो. दर वाक्याला बाकीच्यांनी म्हणायचं, 'व्हय म्हाराजा!' बाप गेल्यापासून हा मान काशीरामचा. मिलमध्ये ज्याला कुत्रंही विचारत नाही, तो काशीराम गाऱ्हाण्याला उभा राहिला की अर्ध्या चाळीतली कोकणातली माणसं दारात येऊन 'व्हय' म्हणत. आजही नंदू येत होता तो उद्यासाठी दादाकडून गाऱ्हाणं घालून घ्यायला. म्हणजे कितीही कानवाला झाला तरी शेवटी यायचं इथेच ना? नारळ सोलताना काशीरामच्या मनात घोळत होतं ते हेच. गोड लागत होतं आणि खुपतही होतं.

साडेदहाला मंडळी आली. पुढे नंदू, उन्हाने रापलेला, छातीने भरलेला. मागे त्याची बायको अनुपमा मिठाईचा पुडा घेऊन. आणि तिच्याही मागे पन्नाशीचा एक काटक माणूस, चप्पल दाराबाहेर कुठे काढावी या विचारात पडलेला.

"माझो झील इलो!" सोनूबाई पंचाहत्तराव्या वर्षी कॉटवरून टुणकन उठली. नंदूचं तोंड दोन्ही हातांत धरून कुरवाळलं. "किती रोडावलंस रे! थयसर कोण वाडता तुका?"

रोडावला म्हणे! गेल्या खेपेपेक्षा पाच किलो चढला होता. काशीराम आईसोबत एकाच छताखाली एकोणपन्नास वर्षं राहत होता. आपलं तोंड तिने असं हातात धरलेलं त्याला तरी काही आठवत नव्हतं.

"दादा." नंदू वाकून पाया पडला. "हा महादू. ड्रिलवर असतो, माझा उजवा हात. कर्जतच्या पलीकडचा. म्हटलं, चल घरी, उद्याच्या आधी गाऱ्हाण्याला उभा राहा. महादू, हे माझे दादा, काशीराम."

महादू पाया पडायला अर्धा वाकला होता तो तसाच राहिला. मान वर करून काशीरामकडे बघितलं, मग नंदूकडे, मग पुन्हा काशीरामकडे. चेहरा पांढराफटक.

"हे... हे काशीराम?"

"हो. का रे?"

"काय नाय, काय नाय," महादूने घाईघाईने पाय शिवले. शिवले म्हणजे काय, बोट लावून बघितलं, खरे आहेत की नाहीत ते. मग भिंतीला पाठ लावून बसला आणि पाण्याचा तांब्या एका दमात संपवला. काशीरामला तो माणूस पहिल्या झटक्यातच आवडला नाही.

घरातली पोरं खाली मैदानात क्रिकेटला पळाली. अनुपमा पदर खोचून वनमालाच्या मदतीला गेली. नंदू आईच्या कॉटवर बसून घाटातल्या गमती सांगू लागला, आणि म्हातारी तोंडाला पदर लावून हसू लागली. काशीराम मोरीपाशीच. त्याला त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता. कोणी त्याच्याकडे तोंड करून बोलतही नव्हतं.

आता साचेखात्यातल्या माणसाची एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. तिथे बाजूला बाँब फुटला तरी कळायचं नाही, एवढा आवाज. तरी माणसं दिवसभर गप्पा मारतात, एकमेकांच्या, मुकादमाच्या आईबहिणीचा उद्धार करतात. कसा? ओठ बघून. चाळीस फुटांवरून काशीरामला समजायचं कोण काय म्हणतंय ते. वनमालाला हे माहीत होतं, म्हणून ती नवऱ्याबद्दल काही बोलायचं तर पाठ फिरवून बोलायची. बिचारी अनुपमा काय करणार? भावोजींना ऐकू येत नाही, एवढंच तिला ठाऊक. ती ओट्याशी उभी राहून कांदा चिरत, तोंड सरळ मोरीकडे करून कुजबुजली.

"वहिनी, एक सांगू? भावोजींना नका हं बोलू. नोव्हेंबरात तिकडे दरड कोसळली ना, तेव्हा ह्यांनी स्वतःच घातलं गाऱ्हाणं. सगळ्या कामगारांसमोर."

वनमालाची पाठ होती, ती काय म्हणाली ते दिसलं नाही. पण अनुपमा पुढे बोललीच. "माझं म्हणणं, देवाने तर ऐकलं ना? मग आता हा एवढा घाट कशाला? ह्यांनीच घालावं आजसुद्धा. पण हे ऐकत नाहीत, दादाला वाईट वाटेल म्हणतात."

नारळ काशीरामच्या हातातून सुटला आणि गडगडत कॉटखाली गेला.

"नंदू!"

बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद झाला.

"तू गाऱ्हाणं घातलंस? मी जिवंत असताना?"

नंदू उठून उभा राहिला. त्याने आधी बायकोकडे पाहिलं. अनुपमाच्या हातातली सुरी तशीच राहिली. वनमाला कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, ओठ वाचतात ते!"

"दादा, बस आधी. सांगतो."

"बसत नाही. हो की नाही ते बोल."

"हो. घातलं."

"काशीराम मेला होता काय रे? आँ? तार करता येत नव्हती? बाप गेल्यावर तुला पोटच्या पोरासारखा वाढवला, दगड ऐकायला शिकवलं, आणि तू माझ्या तोंडातलं गाऱ्हाणं काढून घेतलंस?"

"रे झीला, वरडा नको," सोनूबाई मध्ये पडली. "घातल्यान तर घातल्यान. तीन माणसां वाचली थय."

"म्हणजे आये, तुलाही माहीत होतं!"

म्हातारीने तोंड फिरवलं. काशीरामने वनमालाकडे पाहिलं. ती मात्र ताबडतोब त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. "मला नव्हतं हो माहीत. नंदूभावजी, हे काही बरं केलं नाहीत. ह्यांच्याकडे दुसरं आहे काय?" नवऱ्याची बाजू घ्यायला ती आली होती, पण शेवटचं वाक्य काशीरामच्या बरोबर वर्मावर बसलं.

"वहिनी, तुम्हीच बोला आता," अनुपमालाही चढलं. "माणसं दगडाखाली मरत होती. भावोजींना घाटकोपरहून बोलवायला थांबायचं होतं का? मानापानाची ती वेळ होती?"

"अनु, तू गप," नंदू म्हणाला.

"का गप? दरवेळी तुम्ही खाली मान घालून ऐकून घेता. बोगदा तुम्ही खणलात, यांनी नाही."

खोलीत सगळे एकदम बोलायला लागले. काशीराम एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता, अर्धं कळत होतं, अर्धं निसटत होतं. आणि या सगळ्या गोंधळात भिंतीपाशी बसलेला महादू हात जोडून उभा राहिला.

"माफी करा. माजीच चूक झाली. मी दादांना बगून दचकलो, मला बोलायचं नव्हतं..."

"तुझं काय आहे यात?" काशीराम त्याच्यावर वळला. "तू का दचकलास मला बघून? आल्यापासून बघतोय, भूत बघावं तसा बघतोस."

महादूने नंदूकडे मदतीसाठी पाहिलं. नंदू मान हलवून नको नको म्हणत होता. पण महादू पडला सरळ माणूस. "दादा, आमाला वाटलं तुमी वारलात."

"काय?"

"गाऱ्हान्यात नाव घेतलं ना परबांनी. आदी आजा, मग पनजा, मग बाप गुनाजी. सगळे गेलेले. आनि त्यांच्या मागोमाग तुमचं. 'माज्या काशीरामा, तू पन उबा ऱ्हा पाठीशी.' आमी सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. नंतर दिवाळीला आमच्या बायकांनी पितरांसंगं तुमच्या नावाचाबी दिवा लावला."

वनमालाच्या तोंडून किंकाळीच फुटली. "देवा रे! जित्या माणसाला दिवा!" आणि तिने काशीरामचा दंड घट्ट पकडला, जणू तो आताच कुठे चालला होता.

सोनूबाई मट्कन कॉटवर बसली. हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. "नंदग्या," ती पुटपुटली, "तुझी अक्कल खय गेल्ली रे? पितरांच्या वळीत भावाक बसवलंस?"

काशीराम हसला. हसण्यासारखं काही नव्हतं, पण हसला. "वा! झकास! मान घेतला तो घेतला, वर मला पोहोचवूनही आला. आता उरलं काय? तेरावं घालून टाका, वडे तळलेलेच आहेत."

"दादा, माझी चूक झाली," नंदू म्हणाला. तो थेट काशीरामसमोर आला, तोंड उजेडाकडे केलं. ओठ नीट दिसावेत म्हणून. एवढं भान त्या घरात फक्त नंदूला होतं, आणि काशीरामला तेही त्या क्षणी सोसवलं नाही. "पण का झाली ते ऐक. मग काय मारायचं ते मार."

काशीरामने त्याच्या ओठांवर नजर धरली.

"सुरुंग वेळेआधीच उडाला आणि छत बसलं. महादू आणि दोघे पलीकडे अडकले. आत कुठून खणायचं ते मी सांगायचं होतं. चुकीच्या जागी पहार घातली तर उरलेलं छतही त्यांच्यावर येणार. ऐंशी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि दादा, मला ऐकू येत नव्हतं. स्फोट जवळ झाला होता. कानात नुसती शिट्टी. पहार आपटतोय आणि काहीच नाही. सगळे म्हणतात कानवाले परब, आणि कानच नाही!"

नंदूचा आवाज बाकीच्यांना कापरा लागला असेल. काशीरामला फक्त ओठ थरथरलेले दिसले.

"काय करायचं सुचेना म्हणून गाऱ्हाणं घातलं. तू घालतोस तसं, शब्दाला शब्द. आप्पांचं नाव घेतलं. आणि ते घेतल्याबरोबर तू आठवलास. मी लहान होतो, तुझा डबा घेऊन मिलच्या गेटावर आलो होतो, तेव्हा विचारलं होतं, दादा, एवढ्या आवाजात तुला ऐकू येत नाही तर साचा बिघडलेला कळतो कसा? तू म्हणालास, हात ठेवायचा. कान बंद पडला की तळहाताने ऐकायचं. हे आप्पांनी नव्हतं शिकवलेलं, दादा. हे तुझं. मी पहार टाकली आणि... महादू, पुढचं तू सांग." तो थांबला, महादूकडे पाहिलं.

"आतून मी दगड आपटत व्हतो," महादू म्हणाला. "परबांनी भिंतीला हात लावला आनि बरोब्बर आमच्या समोर खनलं. साडेचार तासांत बाहेर."

"तुझं नाव कुठे घ्यायचं ते मला सुचलंच नाही," नंदू म्हणाला. "ज्यांच्या जिवावर उभा आहे त्यांची नावं घेत होतो. त्यात कोण जिवंत, कोण मेलेलं, हा विचारच आला नाही डोक्यात. बावळटपणा झाला."

काशीराम खाली बसला. नोव्हेंबरातला तो दिवस त्यालाही आठवत होता, आणि त्याला तो आठवायचा नव्हता. सकाळची पाळी करून आला होता, हातात चहाचा कप होता. रेल्वेत कामाला असलेला शेजारी दारात येऊन म्हणाला, घाटात बोगद्यात छत बसलंय म्हणे. आणि काशीरामच्या मनात पहिला शब्द आला तो, 'जिरली!' एक श्वासभर, जास्त नाही. लगेच कप टाकून अनवाणी धावत नाक्यावरच्या टेलिफोनपर्यंत गेला होता, रात्रभर देवाजवळ बसला होता, सगळ्या चाळीने बघितलं होतं भावाचं प्रेम. पण आधी आला होता तो शब्द. इकडे हा 'जिरली' म्हणत होता, आणि नेमका त्याच वेळी तिकडे नंदू त्याला पूर्वजांच्या रांगेत बसवून हाक मारत होता. काशीरामला स्वतःचीच शिसारी आली.

बरं, त्यामुळे हेवा गेला म्हणाल, तर तसंही नाही. 'तीन माणसं वाचवली' या शब्दांनी आत पुन्हा काहीतरी टोचलंच. तळहात माझा, आणि हार याच्या गळ्यात! मनाला लाज नसते ती अशी.

सोनूबाईने कॉटखालून नारळ काढला. पदराने पुसला. आणि तिने नारळ नंदूपुढे धरला.

"काशीराम आज रागान भरलेलो आसा," ती म्हणाली. "रागान घातलेला गाऱ्हाणा पोचणा नाय. उद्या तुझ्या जिवाचो प्रश्न आसा. तूच घाल आज."

नंदूने हात मागे घेतले. "आये, नको."

"घे म्हणतंय ना!"

अनुपमाने नवऱ्याकडे बघून हलकीच मान हलवली, घ्या म्हणून. वनमालाने काशीरामचा दंड सोडला. तिलाही उद्याची भीती वाटत होती, आणि रागावलेल्या माणसाच्या गाऱ्हाण्यावर दिराचा जीव टांगायची तिची तयारी नव्हती. एका क्षणात तीनही बायका एका बाजूला झाल्या. काशीरामला ते ओठ न वाचता कळलं. हा नारळ आज नंदूच्या हातात गेला की परत येणार नाही. पुढच्या वेळी सगळे आपोआप नंदूकडेच बघतील. मग आपण कोण? रिकामा बहिरा!

तो उठला. आईच्या हातातून नारळ घेतला. हिसकावला नाही, पण विचारलंही नाही.

"मी आहे अजून," तो म्हणाला. "उभे राहा सगळे."

सगळे उभे राहिले. देव्हाऱ्यापुढे जागा नव्हती म्हणून नेहमीप्रमाणे दाराकडे तोंड करून, दक्षिणेला, गावाच्या दिशेला. महादूने डोक्यावरची टोपी सारखी केली. नंदू समोर, बाजूला अनुपमा. शेजारचे दोघे-तिघे गुपचूप दारात येऊन उभे राहिले. इतका आरडाओरडा झाल्यावर येणारच.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गावच्या येशीवरल्या देवा, घराच्या उंबऱ्यावरल्या देवा, आज ही तुझी लेकरां घाटकोपराक, परमुलखात, तुझ्या नावाचो नारळ घेवन उभी आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या आज्या-पणज्यांनू, माझ्या बापसा गुणाजी परबा, तुमी हयसर हजर ऱ्हवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पितरांच्या यादीत या खेपेला आणखी नाव आलं नाही तेव्हा महादूने सुटकेचा निःश्वास टाकला.

काशीरामचा आवाज भरत गेला. हे त्याचंच होतं. इथे तो अडखळत नसे. "उद्या सोमवारी ह्यो माझो धाकटो भाव डोंगराच्या पोटात जातलो. तेच्या डोक्यावरचो कातळ तू तुझ्या हातार धर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेचो कान शाबूत ठेव. तेच्या मागच्या ऐंशी माणसांक सुखरूप भायर काढ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेच्यावर कोणाची वाकडी नजर पडली असात, घरातली असात, दारातली असात..."

आणि काशीराम थांबला.

पुढचे शब्द ठरलेले होते. ती नजर बांधून टाक, तेचो नाश कर. दर गाऱ्हाण्यात असतात. अठ्ठावीस वर्षं तो म्हणत आला होता आणि कधी जीभ अडली नव्हती, कारण नजर नेहमी दुसऱ्याची असायची. आज ते वाक्य ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. पुढे म्हणावं तर स्वतःचाच नाश मागायचा. न म्हणावं तर गाऱ्हाणं अर्धं, आणि उद्या त्या पाच हातांच्या खडकात काही झालं तर? सगळे वाट बघत होते.

"ती नजर माझी म्हाराजा," काशीराम म्हणाला.

"व्हय म्हाराजा!"

सवय हो, दुसरं काय! आई, वनमाला, अनुपमा, दारातले शेजारी, सगळे एका सुरात बोलून गेले. सगळ्यात खणखणीत आवाज महादूचा. मग आपण कशाला 'व्हय' म्हटलं ते हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं. वनमालाने तोंडावर हात घेतला. अनुपमाने मान खाली घातली. दारातले शेजारी एकमेकांकडे बघायला लागले.

काशीराम मात्र नंदूकडे बघत होता. नंदूचे ओठ हलले नव्हते.

"तू म्हटलं नाहीस," काशीराम म्हणाला.

"दादा, ह्याला मी 'व्हय' कसं म्हणू?"

"सगळ्यांचं 'व्हय' लागतं. एकाचं राहिलं तरी अर्धवट."

"दुसरं काहीतरी बोल. पुढे चल. मी नाही म्हणणार."

"खोटं आहे काय?" काशीरामने नारळ दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. आवाज आता मोठा नव्हता, नेहमीसारखा होता, जेवलास का विचारावं तसा. "तुला ठाऊक नव्हतं?"

नंदूने भावाकडे पाहिलं. ठाऊक होतं. पहिल्या नोकरीचं पत्र दाखवायला आला होता तेव्हाच कळलं होतं त्याला, दादाने पत्र वाचायच्या आधी घडी घातली तेव्हा. इतकी वर्षं दोघांनी ते झाकून ठेवलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही.

त्याने हात जोडले आणि म्हटलं. आवाज इतका बारीक होता की शेजारी उभ्या असलेल्या अनुपमालाही ऐकू आला नाही. काशीरामने ओठ बघितले, मान हलवली, आणि पुढचं गाऱ्हाणं सुरू केलं.